जवळपासच्यांशी चॅट: ही भानगड सुरू कुठून झाली

नाशिकच्या कॉलेज रोडवर चहा पिताना ॲप उघडलं की १ किमीवर म्हणून चार चेहरे दिसतात ना, त्याचं मूळ बरंच मागे आहे. आपल्याकडे जुन्या नोकियात सेल इन्फो चालू केलं की टॉवरच्या एरियाचं नाव स्क्रीनवर यायचं, म्हणजे पंचवटी का नाशिक रोड एवढं कळायचं, पण जवळ कोण आहे ते काही कळायचं नाही. ते कळायला लागलं ब्लूटूथवर, रेंज जेमतेम दहा मीटर, पण वर्गात सर्च मारला की भलभलत्या नावांचे फोन दिसायचे आणि गाणं पाठवायच्या निमित्ताने ओळखी व्हायच्या. जपानात तर १९९८ लाच लव्हगेटी नावाचं चिमुकलं यंत्र निघालेलं, मुलांचं वेगळं, मुलींचं वेगळं, पाचेक मीटरवर जुळणारं कोणी आलं की वाजायचं!

खरी अडचण जीपीएसची होती. अमेरिकन लष्कर बाकीच्यांना मिळणारा सिग्नल मुद्दाम बिघडवून द्यायचं, शंभरेक मीटरचा घोळ, ते मे २००० मध्ये बंद केलं. पुढे २००८ ला जीपीएसवाला आयफोन आणि ॲप स्टोअर आलं आणि मार्च २००९ मध्ये ग्राइंडर, गे पुरुषांसाठी, जवळचा आधी लांबचा नंतर अशी फोटोंची रांग. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण ज्यांना चारचौघांत विचारायची सोय नव्हती त्यांनीच हे आधी धरलं (आपल्याकडे समलैंगिक संबंध गुन्हा नाही हा कलम ३७७ चा निकाल यायला सप्टेंबर २०१८ उजाडलं). चिनी चॅट ॲप वीचॅटने २०११ ला जवळपासचे लोक दाखवायला सुरुवात केली, २०१२ ला टिंडर हे डेटिंग ॲप आलं. वीचॅटच्या तर आपल्याकडे टीव्हीवर जाहिराती लागायच्या, मग जून २०२० मध्ये सरकारने ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली त्यात तेही गेलं. टेलिग्रामने सप्टेंबर २०२४ मध्ये जवळपासचे लोक दाखवायचं फीचर काढूनच टाकलं, वापरणारे ०.१ टक्क्याहून कमी आणि बॉट अन् फसवणूकवाल्यांचाच त्रास जास्त, असं त्यांचं म्हणणं.

आता अंतर दाखवणं म्हणजे अर्धा पत्ताच देणं, हे २०१४ च्या सुमारास टिंडरवर संशोधकांनी करून दाखवलं, तीन ठिकाणांवरून अंतर घ्या, तीन वर्तुळं काढा, जिथे मिळतील तिथे माणूस, निव्वळ शाळेतली भूमिती. तेव्हापासून बरीच ॲप्स अंतर मोघम दाखवतात. नाशकात मात्र वर्तुळांचीही गरज नाही, सिडकोतल्या माझ्या मित्राला ६०० मीटरवर दिसलेला ‘अनोळखी’ तिसऱ्या मेसेजला त्याचा आतेभाऊ निघाला, दोघांनीही लगेच ॲप उडवलं आणि दिवाळीला भेटले तेव्हा एकमेकांकडे बघेनात.

अंतर पण कसं, सरळ रेषेत. गोदाघाटावर उभं राहिलं की पलीकडच्या काठावरचा माणूस अगदी हाकेच्या अंतरावर दाखवतं, आणि पावसाळ्यात तिथल्या रामसेतू पुलाला पाणी लागलेलं असलं की त्याच्याकडे जायला होळकर पुलावरून वळसा.