बोर्ड तोच, प्रोसेसर नवा

भाचीचा २०१७ सालचा डेस्कटॉप टाकूनच द्यायचा, असं घरात ठरत आलं होतं. आत चार कोअरचा, म्हणजे काम करणाऱ्या चार भागांचा, रायझन ३ १२०० हा प्रोसेसर आणि सगळे भाग जोडणारा बी३५० चिपसेटचा बोर्ड. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हा प्रोसेसर नाही. पण रॅम, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), ग्राफिक्स कार्ड, एसएसडी सगळं धडधाकट होतं. चार सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या एका तुकड्यापायी अख्खं मशीन भंगारात घालायला माझं मन होईना.

आम्हाला तारलं ते एएम४ सॉकेटने, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या खाचेने. १३३१ पिनांचं हे सॉकेट रायझन बनवणाऱ्या एएमडी कंपनीने रायझन ५००० मालिकेपर्यंत कायम ठेवलं, म्हणून २०२२ चा सहा कोअरचा रायझन ५ ५६०० त्याच बोर्डावर बसतो. असं नेहमी होत नाही. इंटेलचे आठव्या पिढीचे प्रोसेसर त्याच नावाच्या, तेवढ्याच पिनांच्या सॉकेटमध्ये आले, तरी आधीच्या पिढीच्या बोर्डावर ते चालत नाहीत. तेव्हा नुसतं बसतंय का हे पाहून खरेदी करू नये. बोर्डाच्या कंपनीची प्रोसेसरची यादी आधी वाचावी.

जुन्याचा मूळ वेग ३.१ गिगाहर्ट्‌झ, नव्याचा ३.५. एवढ्याशा फरकासाठी पैसे घालवायचे का, असं भाचीने विचारलंच. गिगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला किती ठोके पडतात ते. एका ठोक्यात काम किती उरकतं, हे त्यातून कळत नाही. खरी गंमत कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्याच छोट्या, वेगवान मेमरीत आहे. फोडणी टाकताना मोहरी मिसळणाच्या डब्यात असली तर हात जातो तोच मिळते. माळ्यावरची बरणी उतरवायची म्हटलं तर तेल जळतं. कॅश हा मिसळणाचा डबा, रॅम ही माळ्यावरची बरणी. रॅममधून माहिती येईपर्यंत प्रोसेसरचे शेकडो ठोके वाया जाऊ शकतात. १२०० मध्ये तिसऱ्या पातळीची कॅश ८ एमबी आहे, ५६०० मध्ये ३२. आणि दोघांचंही उष्णतेचं रेटिंग ६५ वॉटच, कारण मधल्या काळात निर्मितीचं तंत्र १४ नॅनोमीटरवरून ७ वर आलं, म्हणजे आतले भाग आणखी बारीक झाले.

आता क्रम. बोर्डावरच्या बायोसला (मशीन सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरला) नवा प्रोसेसर ओळखता आला पाहिजे, आणि बी३५० बोर्डांसाठी तसं बायोस २०२२ पासून येऊ लागलं. ते चढवायचं जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. आधी तो काढलात तर नव्यावर मशीन उठणारच नाही. बऱ्याच बोर्डांवर बायोसची चिप १६ एमबीचीच असल्याने काही ठिकाणी नव्या प्रोसेसरना जागा देताना जुन्या प्रोसेसरना वगळावं लागलं, म्हणून सोबतची सूचना नीट वाचावी.

सगळ्यात जपायचं ते कुलर, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारा पंख्याचा भाग, काढताना. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. प्रोसेसर आणि कुलर यांच्यामध्ये लावलेली पेस्ट वाळली की कुलरला इतकी घट्ट धरते की सरळ वर ओढलं तर बंद सॉकेटमधून प्रोसेसरही उपटून येतो आणि पिना वाकतात. आम्ही मशीन पंधरा मिनिटं चालवून पेस्ट ऊबदार केली, मग बंद करून वायर काढली. कुलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत राहिल्यावर तो सुटला.

जुनी पेस्ट पुसून नवी लावायची, लहान वाटाण्याएवढी. धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसोत, त्यांच्यात सूक्ष्म खळगे असतात आणि त्यांत हवा अडकते. तांब्याच्या तुलनेत हवा सुमारे पंधरा हजार पटींनी कमी उष्णता वाहते. पेस्ट फक्त ती हवा हुसकून लावते. थर जाड झाला तर तीच उष्णतेला आडवी येते.

कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवला. प्रोसेसर स्वतःच्या वजनानेच आत बसला; दाबावं लागलं तर काहीतरी चुकलंय समजायचं.

मशीन सुरू केल्यावर पडदा बराच वेळ काळा राहिला. मग नवा प्रोसेसर सापडल्याची सूचना आली: सुरक्षेच्या जुन्या किल्ल्या पुसून नव्याने सुरुवात करू का? एनक्रिप्शन (डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणं) चालू असेल तर इथे होकार दिल्यावर विंडोज ते कुलूप उघडणारी रिकव्हरी की मागतं. भाचीने तिचे ४८ आकडे आदल्या रात्रीच वहीत उतरवून ठेवले होते. तिनेच होकाराचं वाय दाबलं.