वाफेचं मशीन म्हणू नका

डिसेंबरातली संध्याकाळ. हवा इतकी जड की समोरच्या चाळीच्या गच्चीवरच्या टाक्याही पुसट दिसत होत्या. शेजारच्या काकू दारात उभ्या राहिल्या, हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी. "अरे, माझ्या वाफेच्या मशीनचं तोंड फुटलं बघ. उद्या दादरला जाशील ना, मेडिकलमधून नवीन घेऊन ये."

रुमालात त्यांच्या नेब्युलायझरचा, म्हणजे दम्याचं औषध श्वासातून देणाऱ्या यंत्राचा, औषधाचा कप होता आणि त्यावर बसणारा, ओठांत धरायचा माउथपीस. ट्यूबलाइटसमोर धरल्यावर दिसलं, की माउथपीस आपटून फुटलेला नाही. कडेपासून आत बारीक पांढऱ्या रेघांचं जाळं पसरलं होतं, कोळ्याच्या जाळ्यासारखं. वास घेतला तर निलगिरी!

"सलाइनमध्ये दोनच थेंब टाकते रे. छाती मोकळी होते."

काकूंना दोष देऊन उपयोग नाही, दोष 'वाफ' या शब्दाचा आहे. अख्खी मुंबई नेब्युलायझरला वाफेचं मशीन म्हणते. डॉक्टरही पेशंटला "दोन वेळा वाफ घ्या" असंच सांगतात. एकदा ती वाफ म्हटली, की वाफाऱ्याच्या पातेल्यात जे जे जातं ते या कपातही जाणार. निलगिरी, ओवा, कापूर, विक्स. पण या कपात पातेल्यासारखी वाफ तयारच होत नाही. मशीन चालू असताना कप तळहातात धरून बघा, तो गार लागतो. माठातलं पाणी झिरपून उडतं आणि माठ गार होतो, तसंच आत पाणी उडून कप गार पडतो. गार कपातून वाफाऱ्याची वाफ कशी येईल?

वाफ म्हणजे पाण्याचे सुटे रेणू. मीठ घातलेलं पाणी उकळा आणि झाकणावर जमलेले थेंब चाटून बघा. मिठाची चव नाही, कारण मीठ पातेल्यातच राहिलं. दम्याचं सॅल्ब्युटामॉल आणि बुडेसोनाइडही असंच पातेल्यात राहील. ते फुप्फुसात न्यायचं तर द्रवाचे बारीक थेंब करून, औषधासकट उचलून न्यावे लागतात. म्हणजे धुकं लागतं. नेब्युलायझर हे धुक्याचं मशीन आहे. कॉम्प्रेसरची, म्हणजे मशीनमधल्या पंपाची, हवा कपाच्या तळातल्या सुईच्या टोकाएवढ्या भोकातून जोरात सुटते, तिथला दाब घटतो, औषध वर खेचलं जातं आणि फाटून थेंब होतात. समोर प्लास्टिकचा एक लहानसा अडथळा असतो. मोठे थेंब त्यावर आपटून परत खाली पडतात, बारीक तेवढे वाट काढून माउथपीसपर्यंत येतात. तयार झालेल्या थेंबांपैकी बहुतांश असे परत कपातच जातात आणि पुन्हा फाटायला येतात.

बारीक म्हणजे किती? साधारण १ ते ५ मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि आपला केस ढोबळमानाने ७० मायक्रॉन जाड असतो. हा १ ते ५ चा पट्टा कुठून आला, हा मला या विषयातला सगळ्यात देखणा भाग वाटतो. त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

सकाळी नऊ वाजताचा दादरचा पूल डोळ्यांसमोर आणा. गर्दी जिन्यावरून उतरते आणि लगेच काटकोनात वळते. हात हलवत आलेला माणूस काही न करता वळतो, गर्दीच त्याला वळवते. पाठीवर पोतं घेतलेला हमाल मात्र वळता वळता दोन पावलं सरळ जातो आणि समोरच्या भिंतीला खांदा घासतो. गर्दीचा रेटा दोघांवर सारखाच, पण हमालाचं जडत्व जास्त आहे. आणि सगळे धावत असतील, तर तो भिंतीवर आणखी जोरात आदळणार.

तोंडातून घशात उतरताना हवाही अशीच जवळपास काटकोनात वळते. पुढे श्वासनलिका दुभंगते, तिच्या फांद्या पुन्हा दुभंगतात, असं सुमारे २३ वेळा होतं आणि मग वायुकोश, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्या, येतात. प्रत्येक फाट्यावर थेंबाची हीच परीक्षा. जॉर्ज स्टोक्स या गणितज्ञाने १८५१ मध्ये द्रवात किंवा हवेत फिरणाऱ्या लहान गोळ्यावर किती ओढ बसते याचं सूत्र दिलं. त्यातून निघतं, की हवा वळली तरी थेंब सरळ किती अंतर जाईल, ते त्याच्या व्यासाच्या वर्गावर आणि वेगावर ठरतं. आकडे घालून बघू. घशात हवेचा वेग सेकंदाला ५ मीटर धरला, तर १० मायक्रॉनचा थेंब सुमारे दीड मिलिमीटर सरळ जातो. ३ मायक्रॉनचा जातो जेमतेम ०.१४ मिलिमीटर. व्यास तिपटीहून थोडा जास्त झाला की भरकटणं अकरापट होतं. म्हणून १० मायक्रॉनचा थेंब घशाच्या मागच्या भिंतीवर आदळतो, तिथून गिळला जातो आणि पोटात जातो. वाईट याचं वाटतं, की थेंबात मावणारं औषध व्यासाच्या घनावर ठरतं. १० मायक्रॉनच्या एका थेंबात १ मायक्रॉनच्या हजार थेंबांएवढं औषध असतं. चार जाडे थेंब चुकले की हजारो बारीक थेंबांची मेहनत वाया.

मग अगदी बारीकच का करू नयेत? तर थेंब आत पोचून चालत नाही, तो तिथे बसलाही पाहिजे. शेवटच्या नळ्यांमध्ये हवा जवळजवळ थांबलेली असते, तिथे आदळण्याइतका वेग नाही. तिथे थेंब गुरुत्वाकर्षणाने खाली बसतो. ३ मायक्रॉनचा थेंब सेकंदाला पाव मिलिमीटरच्या आसपास खाली येतो. अर्ध्या मिलिमीटरच्या नळीत त्याला तळ गाठायला दोनएक सेकंद पुरतात. १ मायक्रॉनचा सेकंदाला ०.०३५ मिलिमीटरच उतरतो, त्याला पंधरा सेकंद लागतील. तेवढ्यात आपण श्वास सोडतो आणि तो आला तसा बाहेर जातो. (याहून लहान थेंबांना हवेचे रेणू सुटे सुटे धक्के देतात, स्टोक्सचं सूत्र दुरुस्त करावं लागतं, आणि ०.१ मायक्रॉनच्या खाली तर थेंब वेड्यासारखे भटकून भिंतीला चिकटू लागतात. त्या गल्लीत आज नको.) जाडे घशात अडकतात, अतिबारीक परत फिरतात. मधला पट्टा उरतो तो हा. श्वास झटक्याने ओढू नका, सावकाश घ्या आणि शेवटी क्षणभर रोखा, असं डॉक्टर सांगतात त्यामागेही हेच गणित आहे.

इथवर आल्यावर मास्क की माउथपीस हा प्रश्न फार लांबवायची गरज नाही. मास्कमधून बरीच हवा नाकाने जाते, आणि धूळ अडवण्यासाठीच घडलेलं नाक औषधही अडवतं. ओठांत माउथपीस धरता येत असेल तर तोच घ्यावा. तान्ह्या आणि अगदी लहान मुलांना मास्कला पर्याय नाही, पण तो चेहऱ्याला नीट टेकलेला हवा. मूल रडतं म्हणून मास्क चार बोटं लांब धरला, तर औषध खोलीला मिळतं. स्टेरॉइड असेल (बुडेसोनाइड त्यातलंच) तर नंतर चूळ भरायची, मास्क असेल तर चेहराही धुवायचा.

आता काकूंच्या रेघांकडे. संत्र्याची साल फुगलेल्या फुग्याजवळ पिळून बघा. फट्ट! सालीतल्या तेलात रबर विरघळतं. थर्माकोलवर तेच तेल पडलं तर खड्डा पडतो. निलगिरीचं तेल याच भाऊबंदांतलं. पारदर्शक, कडक प्लास्टिक साच्यातून बाहेर येताना आत ताण घेऊनच येतं. तेल त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्यांमध्ये शिरतं आणि ताण असलेल्या जागी तडे सुटतात. प्लास्टिकचं हे असं, फुप्फुसाचं त्याहून वाईट. तेल श्वासातून आत गेलं तर न्यूमोनियासारखी सूज येऊ शकते. कपात जायचं ते डॉक्टरांनी दिलेलं औषध आणि सांगितलं असेल तर ०.९ टक्क्यांचं निर्जंतुक सलाइन. नळाचं पाणीही नको.

पण छाती मोकळी वाटते ना? वाटते. मेंथॉलसारखी द्रव्यं नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या चेतातंतूंना डिवचतात, आणि हवा जास्त येतेय असा भास होतो. २०२१मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत कापूर, लवंग आणि ओव्याची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो, असे निरोप प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर फिरत होते. ऑक्सिमीटरवरचा आकडा पुरचुंडीला दाद देत नाही. आणि कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येतात.

दुसऱ्या दिवशी मी दादरहून माउथपीस आणला आणि तो बसवल्यावर डुलायला लागला. माउथपीस कपाच्या ज्या तोंडावर बसतो त्याचा व्यास बघायचं राहून गेलं होतं. श्वसनाच्या उपकरणांचे सांधे सहसा २२ किंवा १५ मिलिमीटरचे, किंचित निमुळते असतात, पण घरगुती नेब्युलायझर हा नेम पाळतीलच असं नाही. सांधा सैल असला की धुकं तिथूनच निसटतं, आणि सेलोटेप लावून ते थांबत नाही. ऑनलाइन शोधायला बसलो तर 'व्हेपोरायझर माउथपीस' म्हणून काचेच्या देखण्या नळ्या दिसू लागल्या, सुक्या वनस्पती तापवून ओढायच्या यंत्रांच्या. पदार्थ तापवून त्याचा धूर-धुकं ओढायची यंत्रं, निकोटिन असो वा नसो, आपल्याकडे २०१९च्या कायद्याने बंद आहेत. शेवटी जुना कप खिशात घालून प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे औषधांचा बाजार गाठला. दुकानदाराने कप उलटा करून बघितला आणि म्हणाला, "नुसतं तोंड नका घेऊ, त्याच मॉडेलचं अख्खं किट घ्या." त्याचं बरोबर होतं. कप, आतला अडथळा आणि माउथपीस एकत्र मोजूनमापून केलेले असतात, एकाचा कप आणि दुसऱ्याचा अडथळा जोडला तर थेंबांचा आकार बदलतो. वारंवार वापरायचं किटही बहुतेक कंपन्या सहा महिने ते वर्षभरात बदला म्हणतात. भोक आणि अडथळा झिजतात, माउथपीसवरची सिलिकॉनची झडप कडक होऊन वाकते आणि पुरती मिटत नाही. औषध संपायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागू लागला, तर आधी ते भोक तपासावं. त्यात पिन मात्र घालू नये. काकूंनी घातली होती.

उकळायचं की नाही, हे माहितीपत्रक सांगतं. ते हरवलं असेल तर प्लास्टिकवरचा त्रिकोण शोधा. आत ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ते सुमारे १६० अंशांना वितळतं, उकळत्या पाण्यातली पाच मिनिटं सहसा सोसतं. ३ म्हणजे पीव्हीसी, मऊ मास्क बरेचदा त्याचेच असतात आणि उकळले की वेडेवाकडे होतात. ७ मध्ये बाकी सगळी मंडळी येतात, तिथे माहितीपत्रकाशिवाय धाडस नको.

मुंबईत खरी पंचाईत वाळवण्याची. जुलैत हवेत इतका दमटपणा असतो की टॉवेल दोन दिवस वाळत नाही, मग माउथपीसच्या आतली घडी कुठून वाळणार? त्या ओलीत सूडोमोनाससारखे जिवाणू चिकट थर करून राहतात आणि पुढच्या श्वासाबरोबर थेट आत जातात. प्रत्येक वापरानंतर सुटे भाग कोमट साबणपाण्याने धुवावेत आणि शेवटचं पाणी उकळून गार केलेलं घ्यावं. भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीन घातलेलं पाणी सोसायटीच्या टाकीत पडून राहिलं की त्याचा भरवसा उरत नाही. मग भाग झटकून स्वच्छ कापडावर पंख्याखाली ठेवावेत. हवेची नळी धुवायची नाही. आत दव धरलं असेल तर ती मशीनला तशीच जोडून दोन मिनिटं नुसती हवा सोडावी. आणि ओलं किट झिपच्या पिशवीत ठेवू नये.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. नवीन माउथपीस घट्ट बसला, मशीन घरघरायला लागलं, काकू टीव्हीसमोर पाठ ताठ करून बसल्या आणि सावकाश श्वास घेऊ लागल्या. निलगिरीची बाटली कपाटात गेली. चार दिवसांनी हळदीकुंकवाचं सांगायला गेलो आमच्या हिच्या वतीने, तर देव्हाऱ्यात तो जुना कप. त्यात कापराच्या वड्या ठेवल्या होत्या. कप टिकला तर पुढच्या महिन्यात त्याचा तळ बघणार आहे.