मध्यमेंदू जागाच असतो, प्रश्न पुढच्या मेंदूचा आहे

परवा पेपरच्या घडीतून एक गुळगुळीत रंगीत पत्रक पडलं. परीक्षा संपत आल्या की ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांमध्ये अशी पत्रकं रोजच येतात: अबॅकस, वैदिक गणित, हस्ताक्षर सुधारणा. या पत्रकावर डोळ्यांना काळी पट्टी बांधलेली एक मुलगी पुस्तक वाचताना दाखवली होती आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘मुलांचा मिडब्रेन ॲक्टिव्हेट करा’. तेच पत्रक घेऊन संध्याकाळी शेजारच्या वहिनी आल्या. मुलगा नववीत. म्हणाल्या, “घालू का हो याला? एकटा असला की इतका समजूतदार असतो, पण मित्र जमले की डोकं गहाण टाकतो.”

वहिनींना त्या क्लासबद्दल उत्तर हवं होतं. मला मात्र त्यांचं शेवटचं वाक्य जास्त मोलाचं वाटलं. एकटा असताना समजूतदार आणि मित्रांत बेभान, हे मेंदूविज्ञानानं प्रयोगशाळेत मोजून पाहिलेलं आहे. त्याची कारणं कळण्यासाठी पंधराव्या वर्षी मेंदूत काय चाललेलं असतं ते बघावं लागतं.

आधी पत्रकाचा निकाल लावू. मिडब्रेन किंवा मध्यमेंदू म्हणजे मेंदूच्या देठाचा वरचा टोकाचा भाग, लांबी जेमतेम दोन सेंटीमीटर. डोळ्यांच्या हालचाली, अचानक आवाज झाला की तिकडे मान वळणं, जागं राहणं, ही कामं या भागातून चालतात. इथे मोठी इजा झाली तर माणूस कोमात जाऊ शकतो. म्हणजे जे मूल स्वतःच्या पायांनी चालत त्या क्लासात येतं, त्याचा मध्यमेंदू आधीच उत्तम काम करत असतो. आणि पट्टी बांधून वाचणं? नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टीखाली फट राहते, मूल त्यातून खाली बघतं. पुस्तक मांडीवर न ठेवता कपाळाच्या उंचीवर धरा, वाचन थांबतं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिस) कार्यकर्त्यांनी अशा वर्गांना जाहीर आव्हानं दिलेली आहेत. मला सगळ्यात जास्त चीड येते ती एका गोष्टीची. आपण फटीतून बघतोय हे मुलाला माहीत असतं आणि तरी ‘मला आतून दिसतं’ असं आईबाबांसमोर म्हणायला त्याला शिकवलं जातं. फी भरून मुलाला खोटं बोलायची सवय लावणं आहे हे.

या क्लासवाल्यांची आणि आपली सगळ्यांचीच एक समजूत सारखी असते: मेंदू वाढतो म्हणजे त्यात भर पडते. जोडण्या जितक्या जास्त तितकं मूल हुशार. शिकागोच्या पीटर ह्यूटनलोकर या बालमेंदूतज्ज्ञानं १९७९ मध्ये ही समजूत मोडून काढली. नवजात अर्भकापासून नव्वदीच्या वृद्धापर्यंत २१ मृत माणसांच्या मेंदूंचे नमुने त्यांनी घेतले. कपाळामागच्या भागाचे अतिपातळ काप केले आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली सिनॅप्स मोजत बसले. सिनॅप्स म्हणजे एका न्यूरॉनचा, म्हणजे चेतापेशीचा, निरोप दुसऱ्याला जिथे मिळतो ती जागा. हे काम किती चिकाटीचं आहे याची कल्पना करा: फोटोमागून फोटो, त्यात काळसर ठिपक्यांसारख्या खुणा, आणि त्या मोजायच्या. मोजदादीतून निघालं ते असं. एक-दोन वर्षांच्या बाळाच्या मेंदूत सिनॅप्सची दाटी मोठ्या माणसापेक्षा सुमारे ५० टक्के जास्त असते. दुसऱ्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंत ती कमी होत जाते. नंतर म्हातारपणापर्यंत जवळपास तशीच राहते, असं त्यांना दिसलं; पुढच्या संशोधनानं ही सोळाची मर्यादा पुढे ढकलली, ते शेवटी येईलच.

म्हणजे नववीतल्या मुलाच्या मेंदूत दोन वर्षांच्या बाळापेक्षा कमी जोडण्या असतात, आणि तरी तो बीजगणित सोडवतो. १९९७ मध्ये ह्यूटनलोकर आणि त्यांचे सहकारी ए. एस. दाभोळकर यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: ही छाटणी सगळीकडे एकाच वेळी होत नाही. ऐकण्याच्या भागात ती लवकर उरकते, कपाळामागच्या प्रीफ्रंटल भागात ती उशिरापर्यंत चालते. पुढचा विचार करणं, मोह आवरणं, ‘थांब जरा’ म्हणणं ही याच प्रीफ्रंटल भागाची कामं.

आता ही छाटणी करतं कोण? या प्रश्नाच्या उत्तराइतकं सुंदर मेंदूविज्ञानात मला फार थोडं सापडलं आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

मेंदूत न्यूरॉनशिवाय इतरही पेशी असतात. त्यांतल्या एका जातीला मायक्रोग्लिया म्हणतात. रिओ-ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञानं १९१९ मध्ये त्यांना हे नाव दिलं. या पेशी मुळात मेंदूच्या नव्हेतच. गर्भ अगदी लहान असताना त्याच्या पीतक पिशवीत त्या तयार होतात, तिथून प्रवास करून मेंदूत शिरतात आणि जन्मभर तिथेच राहतात. नात्यानं त्या रक्तातल्या जंतूभक्षक पेशींच्या चुलत बहिणी. बरीच वर्षं समज असा होता की काही इजा झाली, जंतू शिरले, तरच त्या हलतात, एरवी स्वस्थ बसतात. २००५ मध्ये जिवंत उंदराच्या मेंदूत विशेष मायक्रोस्कोपनं डोकावून पाहिलं, तेव्हा दिसलं की त्यांच्या बारीक फांद्या एक क्षणही स्थिर नसतात. त्या आजूबाजूचं सगळं सतत चाचपत असतात.

चाचपून काय करतात? बेथ स्टीव्हन्स या मेंदूशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक अनपेक्षित धागा पकडला. आपल्या रक्तात काही प्रथिनं असतात, त्यांना कॉम्प्लिमेंट म्हणतात. जंतूवर ती जाऊन चिकटतात आणि भक्षक पेशीला खूण पटते: हे खायचं. वाढत्या मेंदूत यांतलीच सी-१-क्यू आणि सी-३ ही प्रथिनं सिनॅप्सवर बसलेली आढळली. ही प्रथिनं ज्यांच्यात बनतच नाहीत अशा उंदरांमध्ये सिनॅप्सची छाटणी नीट झाली नाही. आणि मायक्रोग्लियाच्या अंगावर सी-३ ओळखून पकडणारा रिसेप्टर असतोच. जंतूशी लढण्याची जी यंत्रणा, तीच मेंदू घडवायला वापरलेली.

२०१२ मधला प्रयोग तर डोळ्यांनी बघण्यासारखा होता. उंदराच्या पिल्लाच्या दोन डोळ्यांतून निघणारे तंतू मेंदूतल्या एका ठाण्यावर येऊन पोचतात. सुरुवातीला ते एकमेकांत मिसळलेले असतात, नंतर प्रत्येक डोळ्याचा इलाका वेगळा होतो. डोरोथी शेफर आणि स्टीव्हन्स यांच्या गटानं दोन्ही डोळ्यांच्या तंतूंना वेगवेगळ्या चमकत्या रंगांनी रंगवलं. मग एका डोळ्यात टेट्रोडोटॉक्सिन, म्हणजे फुगू माशाच्या अंगात सापडणारं विष, सोडून त्या डोळ्याचे संदेश गप्प केले. त्यानंतर मायक्रोग्लियाच्या पोटात पाहिलं. गप्प केलेल्या डोळ्याच्या रंगाचे कण तिथे जास्त होते! ज्या तंतूंतून निरोप येत नव्हते, त्यांचे सिनॅप्स जास्त खाल्ले गेले. २०१८ मध्ये उलटी खूणही सापडली. सीडी-४७ नावाचं प्रथिन मायक्रोग्लियाला ‘मला खाऊ नको’ असं सांगतं, आणि ते सक्रिय तंतूंवर जास्त असतं.

वापर आणि रचना यांचं नातं असं प्रत्यक्ष पदार्थांच्या पातळीवर जुळतं. मूल जे ऐकतं, बोलतं, खेळतं, ज्यावर पुन्हा पुन्हा हात बसवतं, त्या वाटा गजबजलेल्या राहतात आणि टिकतात.

हीच छाटणी गरजेपेक्षा जास्त झाली तर? स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार बहुधा विशीच्या आसपास डोकं वर काढतो, म्हणजे प्रीफ्रंटल भागातली छाटणी चालू असतानाच. २०१६ मध्ये सुमारे ६५ हजार लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कॉम्प्लिमेंटच्याच कुटुंबातल्या सी-४ या जनुकाचे काही प्रकार या आजाराचा धोका थोडा वाढवतात असं दिसलं. धोका थोडाच वाढतो, त्यावरून कुणाचं भविष्य सांगता येत नाही. आजारामागे इतरही अनेक कारणं असतात. पण कॉलेजात चांगला शिकणारा मुलगा अचानक गप्प झाला, कानात आवाज येतात म्हणू लागला, तर ‘बाहेरचं लागलं’ म्हणून त्याला अंगारा लावायला नेण्यात महिनेच्या महिने घालवू नका. ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे. उपचार जितके लवकर सुरू होतील तितका फायदा जास्त.

छाटणीच्या जोडीला दुसरं काम चालतं ते वेष्टणाचं. न्यूरॉनच्या लांब तंतूभोवती मायलिन नावाच्या चरबीयुक्त पदार्थाचे थर गुंडाळले जातात, मध्ये मध्ये बारीक उघड्या जागा सोडून. संदेशाला नवा जोर मिळतो तो फक्त या उघड्या जागांवर, कारण विद्युतभार असलेले सोडियमचे कण आत घेणारी दारं तिथेच दाटीनं बसवलेली असतात. ठाण्याहून निघालेली जलद लोकल मधली स्टेशनं सोडत थेट घाटकोपर, कुर्ला, दादर घेते, तसंच काहीसं. उघड्या तंतूतून संदेश सेकंदाला अर्धा ते दोन मीटर सरकतो. जाड वेष्टणाच्या तंतूतून तो सेकंदाला १०० मीटरच्याही पुढे जातो. हे वेष्टण मेंदूत मागून पुढे सरकत जातं, आणि प्रीफ्रंटल भागाचा नंबर शेवटी लागतो.

आता वहिनींच्या मुलाकडे येऊ. पत्रकात ज्या मध्यमेंदूचं नाव होतं, तिथेच डोपामिन, म्हणजे बक्षिसाच्या ओढीशी जोडलेलं निरोप्या रसायन, तयार करणाऱ्या पेशींचे पुंजके आहेत. त्यांचे तंतू बक्षिसाची ओढ लावणाऱ्या खोलवरच्या केंद्रांकडे जातात आणि प्रीफ्रंटल भागाकडेही जातात. वयात येताना ही ओढ लावणारी केंद्रं जोरात असतात, आवरणारा भाग मात्र अजून घडत असतो.

मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये ३०६ जणांना गाडी चालवण्याचा एक कॉम्प्युटर गेम दिला. सिग्नल पिवळा झाल्यावर किती पुढे जायचं ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. जास्त गेलं तर गुण जास्त, पण गाडी आदळण्याचा धोका. काही जण एकटे खेळले, काहींच्या बाजूला त्यांच्याच वयाचे दोघे बसले. १३ ते १६ वयाच्या मुलांनी साथीदार असताना एकटं असण्यापेक्षा बराच जास्त धोका पत्करला. २४ च्या पुढच्यांमध्ये साथीनं फारसा फरक पडला नाही. २०११ मध्ये असाच खेळ मेंदूची हालचाल टिपणाऱ्या स्कॅनरमध्ये झाला. मित्र शेजारच्या खोलीतून बघत आहेत, एवढं नुसतं माहीत असल्यानं किशोरांच्या मेंदूतली बक्षिसाची केंद्रं जास्त उजळली. त्याच मुलांना एकटं बसवलं तर तसं होत नव्हतं.

धोका काय असतो हे त्या मुलाला कळत असतं. विचारा, तो अचूक सांगेल. म्हणून ‘अक्कल नाही का तुला?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. अक्कल आहे, पण मित्रांच्या नजरेसमोर ती वेळेवर हाताशी येत नाही.

मेंदू पंचविसाव्या वर्षी पूर्ण होतो, असं हल्ली सगळीकडे वाचायला मिळतं. असा कुठलाही वाढदिवस नसतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रोएशियातल्या झाग्रेबच्या संशोधनात प्रीफ्रंटल भागातली छाटणी विशीच्या पुढेही चालू असल्याचं दिसलं, आणि माणसामाणसांत फरक मोठा असतो. योगायोग असा की आपल्या मोटार वाहन कायद्यातही हाच आकडा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर त्याला २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. शिवाय पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. तरी नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर आणि ठाण्यातल्या येऊरच्या चढावर संध्याकाळी मिसरूडही न फुटलेली मुलं ट्रिपल सीट दिसतात. सोळाव्या वर्षी परवानगी आहे ती फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीची. आपल्या घरांखाली उभ्या असलेल्या स्कूटर बहुतेक ११० सीसीच्या पुढच्या.

न्यूझीलंडनं १९८७ पासून नव्या चालकांसाठी टप्प्याटप्प्यानं लायसन्स देण्याची पद्धत सुरू केली. मधल्या टप्प्यात रात्री १० ते पहाटे ५ एकट्यानं गाडी चालवायची नाही आणि सोबत अनुभवी चालक नसेल तर मित्रांना गाडीत घ्यायचं नाही. इतर अनेक देशांनी नंतर तीच वाट धरली. आपल्याकडे पक्कं लायसन्स हातात पडलं की त्याच दिवशी मागे दोस्त बसवायला मोकळीक मिळते. वहिनींना मी एवढंच सुचवलं: त्या क्लासची फी ठेवून द्या. मुलगा अठरा वर्षांचा झाला आणि लायसन्स मिळालं की पहिलं वर्षभर मागच्या सीटवर मित्र बसवायचा नाही आणि रात्री दहानंतर किल्ली आईकडे, असं आत्ताच त्याच्याशी बोलून ठरवा. त्याला कारणही सांगा. पिवळ्या सिग्नलच्या त्या खेळाची गोष्ट नववीतल्या मुलाला नीट समजते.