जुन्या तबकड्यांचा वेग: बेळगाव भागातील एका छंदाची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जुन्या घरांच्या माळ्यावरून ग्रामोफोनच्या तबकड्यांची पेटी खाली आली की मराठी नाट्यपदे आणि कन्नड रंगभूमीची गाणी तिच्यात एकत्रच सापडू शकतात. धारवाडचे आकाशवाणी केंद्र १९५० मध्ये आणि सांगलीचे १९६३ मध्ये सुरू झाले. ख्याल ऐकणाऱ्याला इथे भाषेची सीमा कधी आड आली नाही. ऐंशीच्या दशकात कॅसेट घरोघरी पोचली, पाठोपाठ सीडी आली, आणि आता टर्नटेबल (तबकडी फिरवणारे यंत्र) व व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांचे, जुने अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करून ऐकणारे पुन्हा दिसू लागले आहेत.

या मंडळींत सर्वांत चिवट वाद आहे तो लाखेच्या तबकड्या संगणकावर उतरवताना वेग कोणता धरावा याचा. मिनिटाला ७८ फेऱ्या हा आकडा सर्वांना पाठ असला, तरी १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण येण्यापूर्वी कर्ण्यासमोर गायलेल्या तबकड्यांचा वेग सत्तरीपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत कुठेही असू शकतो. सुमारे साडेचार फेऱ्या वाढल्या की सूर एका पट्टीने चढतो; म्हणजे हार्मोनियमच्या काळी एक पट्टीत गायलेले पद शेजारच्या पांढरी दोनमध्ये ऐकू येते, आणि तान नसलेल्या चपळाईने धावते.

काहींच्या मते ७८ च ठेवावा, कारण त्या काळच्या घरांत गाणे तसेच वाजले. हे पटण्याजोगे नाही, कारण चावीच्या ग्रामोफोनलाही वेग कमीजास्त करण्याची सोय असे. दुसरा पक्ष हार्मोनियमच्या पट्टीशी सूर जुळवतो. परंतु तंबोरा गळ्याला मानवेल तिथे लावला जाई, आणि तो सूर दोन पट्ट्यांच्या मधोमधही असू शकतो. त्यापेक्षा भरवशाचा पुरावा तबकडीच्या शेवटी असतो. सुरुवातीच्या काळात कलाकार गाणे संपताच स्वतःचे नाव उच्चारीत, आणि बोलण्याचा आवाज ज्या वेगावर माणसासारखा वाटतो, त्याच्या आसपासच खरा वेग असतो. त्याच बैठकीतील दुसरी तबकडी मिळाली, तर अंदाज आणखी पक्का होतो.

प्रत्यक्ष मोजणीसाठी ७७ रेषांची कागदी चकती तबकडीवर ठेवतात. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, आणि तिच्याखाली ७७.९२ फेऱ्यांना त्या रेषा स्थिर दिसतात. बऱ्याच एलईडी दिव्यांखाली मात्र हा मेळ दिसतच नाही. सुईही वेगळी लागते, कारण या खाचेला साधारण ७५ मायक्रॉनचे टोक हवे, तर एलपीचे (नंतर आलेल्या, कमी वेगाच्या तबकडीचे) टोक २५ मायक्रॉनच्या आसपास असते आणि खाचेच्या तळाशी घासून खरखर वाढवते.

म्हणूनच काळजीपूर्वक काम करणारे मूळ फाईल जशीच्या तशी जपतात, धरलेला वेग तिच्यासोबत लिहून ठेवतात आणि दुरुस्त्या वेगळ्या प्रतीवर करतात.