अमेरिकन आणि युरोपियन पिढ्यांची मूल्यं

अमेरिका आणि युरोप या दोघांना आपण सरसकट 'वेस्टर्न' म्हणून मोकळे होतो, पण सरकारने माणसासाठी किती करावं, धर्माला किती जागा द्यावी, पगारी सुट्टी हा हक्क की मालकाची मर्जी, असं विचारलं की दोन्हीकडची उत्तरं पार वेगळी येतात, आणि त्यातही कुठल्या पिढीला विचारलं यावर बरंच ठरतं.

प्यू रिसर्च सेंटर या लोकांची मतं जाणून घेणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या २०११ च्या सर्व्हेमध्ये ५८ टक्के अमेरिकन म्हणाले की सरकारने मधे न पडता आपापलं आयुष्य घडवायची मोकळीक जास्त महत्त्वाची. जर्मनीत ६२ आणि फ्रान्समध्ये ६४ टक्के लोकांनी उलटं सांगितलं, कोणी गरजेत राहू नये हे सरकारने बघायलाच हवं. यश आपल्या हाताबाहेरच्या गोष्टींवर ठरतं असं जर्मनीत ७२ टक्के मानत होते, अमेरिकेत फक्त ३६. धर्म आयुष्यात फार महत्त्वाचा म्हणणारे अमेरिकेत निम्मे होते, फ्रान्समध्ये १३ टक्के.

हा नुसता स्वभावाचा फरक आहे असं म्हणणं मला अजिबात पटत नाही, कोण कशात वाढलं ते बघा ना. अमेरिकेत १९४६ ते १९६४ मध्ये जन्मलेले ते बेबी बूमर, यातल्या कित्येकांचे वडील दुसऱ्या महायुद्धावरून परत आले आणि १९४४ च्या जीआय बिलामुळे, म्हणजे परतलेल्या सैनिकांसाठीच्या कायद्यामुळे, त्यांना कॉलेज आणि घरासाठी लोन मिळालं (गोऱ्या सैनिकांना सहज, काळ्यांना बऱ्याचदा नाहीच), तर त्याच काळात ब्रिटनमध्ये १९५४ पर्यंत रेशनिंग चालू होतं आणि जर्मनीत शहरंच्या शहरं ढिगाऱ्यातून उभी राहत होती. १९६८ ला अमेरिकन पोरं व्हिएतनामच्या सक्तीच्या भरतीविरुद्ध रस्त्यावर आली, जर्मन पोरं आईवडिलांना विचारत होती की हिटलरच्या वेळी तुम्ही काय करत होतात? स्पेनची पिढी हुकूमशहा फ्रँको १९७५ मध्ये वारल्यावर मोकळी झाली, पूर्व युरोपची १९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवटी कोसळल्यानंतर. त्यामुळे बूमर, जेन एक्स (बूमरच्या पुढची पिढी) हे अमेरिकन साचे युरोपला जसेच्या तसे लावले की गडबड होते.

सगळ्यात ठळक फरक रजेत दिसतो. फ्रान्सने १९३६ मध्ये कामगारांना दोन आठवडे पगारी सुट्टी कायद्याने दिली, आता ती पाच आठवडे आहे, आणि युरोपियन युनियनमध्ये कुठेही किमान चार आठवडे मिळतातच. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात खासगी नोकरीत पगारी सुट्टीचा एकही दिवस सक्तीचा नाही, बाळंतपणासाठी १९९३ च्या कायद्याने १२ आठवडे रजा आहे पण बिनपगारी, तीही छोट्या कंपन्यांना लागू नाही. स्वीडनमध्ये एका मुलामागे आईबाबांना मिळून ४८० दिवस! आपल्याकडून आई किंवा सासूबाई बाळंतपण करायला अमेरिकेत जाऊन महिनोन्‌महिने राहतात, त्यात प्रेम आहेच पण ही रजेची ओढाताणही आहे.

नवीन पिढीत मात्र अंतर कमी होतंय. प्यूच्या त्याच २०११ च्या सर्व्हेमध्ये तिशीच्या आतले अमेरिकन जवळपास निम्मे-निम्मे होते, ४७ टक्के मोकळीक म्हणणारे आणि ४६ टक्के सरकारची जबाबदारी म्हणणारे. २००८ च्या मंदीत आणि शिक्षणाच्या कर्जात होरपळलेल्या मुलांनी असं म्हणावं यात नवल नाही, ग्रीस आणि स्पेनमध्ये तर २०१३ च्या सुमारास नोकरी शोधणाऱ्या तरुणांपैकी निम्म्याहून जास्त बेकार होते. जुलै २०२० मध्ये, कोविडच्या काळात, १८ ते २९ वयाचे ५२ टक्के अमेरिकन आईवडिलांकडे राहत होते. इटलीत मुलं सरासरी तिशीला घर सोडतात, फिनलंडमध्ये एकविशीच्या आसपास, म्हणजे युरोपातल्या युरोपातही एकवाक्यता नाहीच.