पॉप्लरच्या खोडावरील कँकर : पार्श्वभूमी

पॉप्लर या झाडाच्या खोडावरचा कँकर, म्हणजे साल मरून खचलेली जखम, ज्या बुरशीमुळे होतो, ती मूळची उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातली. तिथल्या स्थानिक ईस्टर्न कॉटनवुड या पॉप्लरच्या पानांवर तिचे करडे-तपकिरी ठिपके पूर्वीपासून पडत आले आहेत. न्यूयॉर्क राज्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स पेक यांनी 1880च्या दशकात तिला सेप्टोरिया म्युसिव्हा हे नाव दिले. आता ती स्फेरुलिना म्युसिव्हा म्हणून ओळखली जाते. पाने ठिपकाळली, अगदी वेळेआधी गळली, तरी कॉटनवुडचे झाड सहसा तगून राहते, कारण हे झाड आणि ही बुरशी दीर्घकाळ एकाच प्रदेशात वाढलेली आहेत. त्यामुळे सुरुवातीची कित्येक वर्षे तिच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

चित्र पालटले ते संकरामुळे. 1924च्या सुमारास अमेरिकेतील एका कागद कंपनीने न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनच्या मदतीने, लगद्यासाठी लवकर वाढणारी झाडे मिळवण्याच्या हेतूने, निरनिराळ्या खंडांतील पॉप्लरचे संकर घडवायला घेतले आणि त्यातून सुमारे 13,000 रोपे तयार झाली. पॉप्लरची फांदी तोडून ओल्या मातीत खोचली की तिला मुळे फुटतात, म्हणून एकदा मनाजोगे झाड हाती लागले की त्याच्या छाट कलमांनी हवी तेवढी जमीन भरता येते. लागवड करणाऱ्याला हे वरदानच आहे. पण एकाच क्लोनच्या, म्हणजे एकाच झाडाच्या कलमांनी वाढलेल्या, रांगांमध्ये एका झाडाची उणीव ती साऱ्या झाडांची उणीव असते. कॅनडात 1939मध्ये संकरित पॉप्लरवरील सेप्टोरिया कँकरचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध झाले, आणि पानावरची ही बुरशी खोडही पोखरते हे स्पष्ट झाले. काळे कॉटनवुड आणि जपानी पॉप्लर यांचे रक्त असलेल्या संकरांना ती विशेष जाचते.

कोवळ्या खोडावर हा रोग पाहिला की त्याची रीत ध्यानात येते. पानगळीचे वण, सालीवरची श्वासरंध्रे किंवा एखादी जखम यांतून बुरशी आत शिरते. तिथली साल काळपट होऊन खचते, कडांना तडे जातात आणि दमट हवेत त्या काळ्या भागातून बीजाणूंचे बारीक गुलाबीसर धागे बाहेर येतात. पावसाच्या शिंतोड्यांबरोबर हे बीजाणू शेजारच्या झाडांवर पोहोचतात, तर गळलेल्या पानांत हिवाळा काढलेली बुरशी वसंतात नव्याने बीजाणू सोडते. झाड जखमेभोवती नवी साल धरू पाहते, पण बुरशी पुढे सरकत राहते. खोडाला असा अर्धा वेढा पडला की एरवी धडधाकट दिसणारे झाड वाऱ्यात नेमके तिथेच मोडते. वाढ उत्तम म्हणून निवडलेली झाडे अशी ऐन उमेदीत आडवी पडलेली पाहणे फार क्लेशदायक असते.

युरोपात वेगळ्या बुरशीने, डॉथिकायझाने, असेच घडवले. अठराव्या शतकापासून कलमांनीच पसरलेला सरळसोट लोंबार्डी पॉप्लर हा एकाच नर झाडाचा विस्तार मानला जातो, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतही तो या कँकरला बळी पडताना दिसला. रोगट कलमांबरोबर बुरशीही प्रवास करते, हा धडा तिथे मिळाला.

उत्तर अमेरिका खंडाच्या पश्चिमेला, जिथे काळे कॉटनवुड रानोमाळ वाढते, तिथे ही सेप्टोरिया बुरशी 2006मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आढळली. त्या प्रजातीचा तिच्याशी पूर्वी संबंध आलेला नव्हता, म्हणून हा शोध पूर्वीच्या कोणत्याही नोंदीपेक्षा मला अधिक काळजीचा वाटतो. योगायोगाने त्याच वर्षी या झाडाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला होता. पुढे 2015मध्ये, केवळ पानांवर जगणाऱ्या तिच्या जवळच्या भाऊबंद बुरशीशी तुलना करता, या बुरशीने लाकडात शिरण्यास उपयोगी अशी काही जनुके इतर सूक्ष्मजीवांकडून मिळवल्याचे दिसले. 2018च्या संशोधनाने झाडाच्या बाजूचे कोडेही थोडे उलगडले : काळ्या कॉटनवुडच्या रानटी झाडांमध्ये प्रतिकार आणि बळी पडणे या दोन्हींशी जोडलेली जनुके सापडली. प्रतिकाराची सामग्री रानात आधीच आहे, हे त्यामुळे कळले, आणि कलमांसाठी निवड करताना वाढीच्या जोडीने तीही तपासणे आता शक्य झाले आहे.