कूलर टांगण्याआधी भोक नीट पाडा

सोलापुरात मार्च उजाडला की खिडक्यांबाहेर कूलर चढू लागतात. २० किलोचा सांगाडा, आत ४० लिटर पाणी. हे ६० किलो पेलतात भिंतीतले चार-सहा अँकर फास्टनर. दुकानात जो तो जाड बोल्ट मागतो, पण अशा कामात बोल्ट क्वचितच तुटतो. तो अख्खा उपटून येतो.

फास्टनरच्या आतल्या टोकाला शंकू असतो आणि त्याच्याभोवती चिरा पाडलेली नळी. पान्याने नट आवळला की बोल्ट बाहेर ओढला जातो, शंकू नळीत घुसतो, नळी फाकते आणि भोकाच्या कडेवर दाबून बसते. सगळी पकड या दाबातून येणाऱ्या घर्षणाची. म्हणून ड्रिलचा बिट पाकिटावर लिहिलेल्या व्यासाचाच हवा. खोली फास्टनरच्या लांबीपेक्षा १० मिमी जास्त ठेवा. भुकटी ब्रशने आणि सायकलच्या पंपाने काढा. ती आत राहिली की नळी काँक्रीटला न भिडता भुकटीवरच घसरते. ही पायरी सर्रास गाळली जाते, आणि नेमकी तीच महागात पडते.

काँक्रीट दाब भरपूर सोसतं, ओढ मात्र त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकीच. जास्त ओढ आली तर फास्टनरसोबत काँक्रीटचा पसरट शंकू सुटून येतो. पृष्ठभागावर तो चहूबाजूंनी खोलीच्या दीडपट पसरतो. म्हणजे ६० मिमी खोल बसवलेला फास्टनर कडेपासून ९० मिमी आणि शेजारच्या फास्टनरपासून १८० मिमी दूर असला तरच पूर्ण ताकद देतो. खोली दुप्पट केली तर या शंकूची ताकद सुमारे २.८ पट होते. फास्टनरची खोली मोजताना प्लॅस्टर धरायचं नाही.

ब्रॅकेटचाही हिशोब आहे. कूलरचं वजन भिंतीपासून ३०० मिमीवर आणि ब्रॅकेटच्या वरच्या-खालच्या बोल्टमध्ये ३०० मिमी अंतर असेल, तर वरच्या बोल्टांवर मिळून ६० किलोची ओढ येते. तेच अंतर १५० मिमी केलं की १२० किलो! ब्रॅकेटची उभी पट्टी लांब घ्या.

ड्रिल करताना करडी भुकटी आली तर काँक्रीट, लाल आली तर वीट. विटेत ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके, बंद ठेवून नुसतं फिरवा, नाहीतर भोक फाटतं. लोखंडी फास्टनर जोरात आवळला की वीट चिरते, आणि सांध्यातल्या मसाल्यावर तर भरवसा नकोच. हलक्या वस्तूंना नायलॉनचा प्लग पुरतो. १९११च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉन रॉलिंग्ज यांनी तागाच्या धाग्यांचा प्लग काढला. आजचा नायलॉनचा प्लग जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी १९५८ साली आणला. विटेच्या भिंतीवर कूलर टांगायचा तर आरपार बोल्ट आणि आतून लोखंडी प्लेट, हेच आम्ही सुचवू. जुन्या वाड्यांच्या दगडी भिंतींनाही हेच लागू. बाहेरून काळा दगड दिसतो, आत माती आणि चिपा असतात. फास्टनर तिथे उघडतो, पण धरायला काही नसतं.

नट दोन-तीन फेऱ्यांत कडक व्हायला हवा. तो नुसताच फिरत राहिला तर भोक मोठं आहे किंवा भिंत मऊ. काड्या-कागद ठासू नका. ते भोक सिमेंटने बुजवून त्याच्या खोलीच्या दुप्पट अंतरावर नवीन पाडा. बिट सळईला लागला तर सळई कापायची नाही, जागा बदलायची.

यंत्रमागाच्या कारखान्यात अडचण वेगळी. माग दिवसभर हादरतो आणि नट हळूहळू सैल होतो. शिवाय जमिनीवर शहाबादी फरशी असली तर फास्टनर फरशीत आणि खालच्या मुरुमातच अडकलेला असतो. तिथे फरशी उचलून खालपर्यंत काँक्रीटचा पाया भरावा आणि त्यात केमिकल अँकर, म्हणजे रेझिनने चिकटवलेला बोल्ट, बसवावा. रेझिन भोकाच्या भिंतीला पूर्ण लांबीभर चिकटतं, त्यामुळे पकड एका टोकाच्या दाबावर अवलंबून राहत नाही. रेझिन पूर्ण सुकेपर्यंत माग चालवू नये. तो वेळ रेझिनच्या नळीवर छापलेला असतो. नटावर दुसरा चेकनट घालावा आणि पहिल्या आठवड्यानंतर पाना लावून पुन्हा एकदा तपासावा.